टपोरे डोळे, मोजके दात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारशाला जमलेल्या बायकांचं पहिलं काम म्हणजे बाळाची वाटणी करणं. नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, जिवणी थेट आईची, आणि डोळे मात्र कोणावर गेलेत कोण जाणे! ही वाटणी गमतीची असली तरी तिच्यामागे पक्कं शास्त्र आहे. आईवडिलांकडून मुलाकडे जे येतं ते जनुकांमधून येतं. त्यात कधी कधी असंही काही येतं, की जे वेळीच ओळखलं तर मुलाची दृष्टी टिकते, आणि ओळखायचं राहून गेलं तर ती हळूहळू, कुणाच्याही नकळत जाते. आज अशाच एका दुर्मीळ जन्मजात दोषाविषयी बोलायचं आहे. डोळे, तोंड, बेंबी आणि काही मुलांमध्ये उंची, एवढ्या निरनिराळ्या ठिकाणी त्याच्या खुणा दिसतात.

त्याचं नाव अ‍ॅक्सेनफेल्ड-रीगर सिंड्रोम. सिंड्रोम म्हणजे एकत्र येणाऱ्या लक्षणांचा समूह. नाव जड आहे, पण ती डोळ्यांच्या दोन डॉक्टरांची आडनावं आहेत. थिओडोर अ‍ॅक्सेनफेल्ड हे जर्मनीतले. त्यांनी १९२० मध्ये एका रुग्णाच्या डोळ्यात पारपटलाच्या आतल्या कडेला दिसलेल्या पांढऱ्या रेघेचं वर्णन केलं. हर्विग रीगर हे ऑस्ट्रियातले. त्यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत बुबुळाच्या जन्मजात दोषाचं आणि तो एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो याचं वर्णन केलं. दोघांनी पाहिलं ते वेगवेगळं आहे, असं बराच काळ मानलं गेलं. पुढे लक्षात आलं, की ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

हा दोष साधारण दोन लाखांत एकाला असतो, असा अंदाज सहसा दिला जातो. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या जवळ होती. या हिशेबाने त्या वेळी शहरात साठेक माणसं या दोषाची असायला हवीत. आकडा लहान आहे खरा, पण ती साठ माणसं ज्या घरांत आहेत त्या घरांसाठी तो लहान नाही.

चार खिडक्या, चार केसपेपर

समजा, गिरगावात फणसवाडीतल्या एखाद्या चाळीत अशी एक मुलगी आहे. बाळ असताना तिची बेंबी बाहेर आलेली होती. कुणी सांगितलं नाणं ठेवून फडकं बांधा, कुणी सांगितलं हर्निया आहे, डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या वर्षी दात यायला उशीर झाला. सातव्या वर्षी दुधाचे पुढचे दात पडले, पण वरचे पटाशीचे दात काही आले नाहीत. आई तिला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. एका डोळ्याची बाहुली मधोमध नसून कडेला सरकलेली आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण दिसतंय ना नीट, मग कशाला काळजी, असं सगळ्यांना वाटत होतं. आणि शाळेच्या रांगेत ती कायम पहिली उभी राहते, त्याचं कारण सगळ्यांनी आपापल्या परीने ठरवलं होतं, की आईच ठेंगणी आहे.

या मुलीचे चार केसपेपर निघतात. बेंबीचा सर्जनकडे, दातांचा दंतवैद्याकडे, डोळ्यांचा नेत्रतज्ज्ञाकडे आणि उंचीचा बालरोगतज्ज्ञाकडे. प्रत्येक ठिकाणी तिला योग्य तेच सांगितलं जातं, पण ते फक्त त्या एका अवयवापुरतं. चारही कागद एका टेबलावर एकत्र येत नाहीत, तोवर निदान होत नाही.

आणि या दोषाची खरी मेख अशी, की जे दिसतं त्यातलं फारसं काही धोक्याचं नाही. दात कमी असले म्हणून जीव जात नाही, बेंबी बाहेर असली म्हणून काही बिघडत नाही, सरकलेल्या बाहुलीतूनही पुष्कळदा चांगलं दिसतं. धोका आहे तो न दिसणाऱ्या गोष्टीत. या सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना आयुष्यात केव्हा ना केव्हा काचबिंदू होतो. म्हणजे दात आणि बेंबी या निव्वळ खुणेच्या पाट्या आहेत. त्या वाचायच्या त्या डोळ्यासाठी.

मोरीची जाळी

काचबिंदू हा म्हातारपणाचा आजार, असा आपला समज असतो. तो लहान मुलांना कसा होतो, हे समजून घ्यायला डोळ्याच्या पुढच्या भागात काय चालतं ते पाहू.

डोळ्याच्या पुढची काचेसारखी पारदर्शक खिडकी म्हणजे पारपटल. तिच्यामागे असतं ते रंगीत बुबुळ, आणि बुबुळाच्या मधलं काळं छिद्र म्हणजे बाहुली. पारपटल आणि बुबुळ यांच्यामधली जागा एका स्वच्छ पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असते. हा द्रव बुबुळाच्या मागे सतत तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो, आणि पारपटल व बुबुळ जिथे भेटतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जातो. चाळीतली मोरी डोळ्यांसमोर आणा. नळ अखंड थोडा थोडा चालू आहे आणि कोपऱ्यातल्या जाळीतून पाणी जातंय, तोवर सगळं ठीक. जाळी तुंबली की पाणी साचतं. डोळा सगळीकडून बंद असल्यामुळे तिथे पाणी साचतं म्हणजे दाब वाढतो. हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. तो वाढलेला राहिला, की डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता दबते आणि तिचे तंतू मरतात. मेलेले तंतू परत येत नाहीत. काचबिंदूवर आजवर जे उपचार आहेत ते उरलेली दृष्टी वाचवणारे आहेत, गेलेली परत आणणारे नाहीत.

अ‍ॅक्सेनफेल्ड-रीगर सिंड्रोममध्ये ही कोपऱ्यातली जाळीच गर्भात नीट घडलेली नसते. बुबुळाचे धागे पारपटलाच्या कडेला चिकटलेले असतात. बुबुळ पातळ असतं, त्यामुळे बाहुली एका बाजूला ओढली जाते, कधी लांबट होते, तर कधी बुबुळाला आणखी छिद्रं पडून एका डोळ्यात दोन बाहुल्या आहेत असं वाटतं. कडेची ती पांढरी रेघ असते. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नुसती ती रेघ पुष्कळ निरोगी माणसांच्या डोळ्यांतही तपासताना सापडते. रेघ दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. रेघेबरोबर बुबुळाचा दोष असेल, दातांची किंवा बेंबीची खूण असेल, तर विचार करायचा.

काचबिंदू तान्हेपणी झाला, तर त्याची लक्षणं दिसतात. डोळ्यांतून सतत पाणी येतं, बाळ उजेडात डोळे मिटून घेतं, पारपटल धुरकट दिसतं आणि डोळा मोठा होत जातो. साधारण तीन वर्षांपर्यंत डोळ्याचं बाहेरचं आवरण लवचीक असतं, त्यामुळे आतल्या दाबाने तो फुगतो. इथे आपली एक सवय आड येते. मोठ्या डोळ्यांचं आपल्याला कौतुक. ‘काय टपोरे डोळे आहेत हो!’ म्हणून शेजारीपाजारी दृष्ट काढायला सांगतात. बहुतेक वेळा ते डोळे खरोखरच सुंदर असतात. पण टपोऱ्या डोळ्यांतून पाणी येत असेल, बाळाला उजेड सोसत नसेल, किंवा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा वाटत असेल, तर दृष्ट काढण्यात दिवस घालवू नयेत, डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावं.

काचबिंदू पुढे, म्हणजे शाळेच्या वयात किंवा ऐन तारुण्यात झाला, तर डोळा मोठा होत नाही, दुखत नाही, लालही होत नाही. बाजूचं दिसणं आधी कमी होतं, समोरचं शाबूत राहतं. मूल फळ्यावरचं वाचतं, क्रिकेट खेळतं, आणि आतून दृष्टी झिजत असते. म्हणूनच या सिंड्रोमचं निदान झालं, की दिसण्याची तक्रार असो वा नसो, डोळ्यांचा दाब ठरावीक काळाने मोजून घ्यायचा, तोही आयुष्यभर. तान्ह्या बाळाला भूल देऊन तपासावं लागतं. आईवडील भुलीच्या नावाने घाबरतात, ते साहजिक आहे. पण रडणाऱ्या, डोळे घट्ट मिटणाऱ्या बाळाचा दाब नीट मोजता येत नाही, म्हणून हा मार्ग घ्यावा लागतो.

एकाच जॉबरची खाती

आता प्रश्न असा, की डोळा कुठे, दात कुठे आणि बेंबी कुठे! या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय?

संबंध आहे तो गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांतला. पुढे ज्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, त्या नळीच्या काठावरून काही पेशी सुटतात आणि गर्भात दूरदूर प्रवासाला निघतात. त्यांतल्या काही डोळ्याच्या पुढच्या भागात पोचून पारपटल, बुबुळ आणि ती जाळी घडवायला मदत करतात. काही जबड्यात आणि दातांच्या अंकुरांत जातात, काही हृदयाजवळ जातात. कुणी कुठे काय घडवायचं हे ठरवणारी जी जनुकं आहेत, त्यांतली दोन आपल्या कामाची. पिट-एक्स-टू हे चौथ्या गुणसूत्रावर आहे, फॉक्स-सी-वन सहाव्या गुणसूत्रावर. पहिल्याचा या सिंड्रोमशी असलेला संबंध १९९६ मध्ये सापडला, दुसऱ्याचा १९९८ मध्ये.

लालबाग-परळच्या जुन्या मंडळींना जॉबर म्हणजे काय ते सांगायला नको. गिरणीत जॉबर स्वतः कापड विणायचा नाही. कोणता कामगार कोणत्या मागावर जाईल, कोणतं काम कधी सुरू होईल, हे तो बघायचा. ही जनुकं तशी आहेत. ती स्वतः दात किंवा बुबुळ बनवत नाहीत, इतर जनुकांना कामाला लावतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. म्हणजे खात्याला दोन जॉबर. त्यातला एक गैरहजर राहिला तर गिरणी बंद पडत नाही, पण ज्या खात्यांना दोघांचीही गरज असते ती खाती अर्धीमुर्धी चालतात. पिट-एक्स-टूची अशी खाती म्हणजे डोळ्याचा पुढचा भाग, दात, बेंबीभोवतीची कातडी आणि मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी. फॉक्स-सी-वनची खाती म्हणजे डोळा, हृदय आणि कान. गंमत अशी, की फॉक्स-सी-वनची एखादी प्रत जास्त झाली तरीही डोळा बिघडतो. जॉबर कमी पडून चालत नाही, तसा जास्त होऊनही चालत नाही.

म्हणूनच ज्या मुलात फॉक्स-सी-वनचा दोष सापडतो, त्याची टूडी इको आणि श्रवणाची तपासणी करून घेतात. पिट-एक्स-टूचा दोष असेल तर दात आणि वाढ यांकडे जास्त लक्ष देतात. सगळ्याच कुटुंबांत या दोन जनुकांतला दोष सापडतो असं नाही. तपासणीत काही सापडलं नाही, तरी डोळ्यातली चिन्हं खरी असतील तर डोळ्यांची देखरेख थांबवायची नाही.

दात, बेंबी आणि उंची

आता एकेक खूण पाहू. आपल्याला दुधाचे २० आणि कायमचे ३२ दात असतात. या सिंड्रोममध्ये काही दातांचे अंकुरच तयार होत नाहीत, विशेषतः वरच्या पुढच्या दातांचे. जे येतात ते कधी लहान, खुंटीसारखे निमुळते असतात. वरचा जबडा थोडा मागे राहिल्याने चेहऱ्याचा मधला भाग सपाट वाटतो आणि वरचा ओठ पातळ दिसतो. अर्थात, एखादा दात जन्मतःच नसणं ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. अक्कलदाढा सोडल्या तरी शंभरांत साधारण पाच-सहा जणांना एखाददुसरा दात नसतो आणि त्यांना बाकी काहीच नसतं. पण पुढचे दोन-चार दात नाहीत आणि शिवाय बाहुली सरकलेली आहे, असं असेल तर दंतवैद्याने नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यायला हवी.

दात नसण्याची इतर कारणंही असतात. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत लिहून ठेवली आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्या कुटुंबात चार पिढ्यांत मिळून दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस फार कमी होते आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून त्यांचे हाल होत. मुली मात्र सगळ्या चांगल्या. तो दोष वेगळा. त्यात घामाच्या ग्रंथी नसतात आणि तो मुख्यतः मुलग्यांत दिसतो. म्हणून दात कमी असलेल्या मुलाला घाम येतो का, हे डॉक्टर आवर्जून विचारतात. आपल्या सिंड्रोममध्ये घाम नेहमीसारखा येतो आणि मुलगा-मुलगी असा भेद नसतो.

बेंबीचं म्हणाल, तर नाळ पडल्यावर भोवतालची कातडी एरवी आत ओढली जाते. इथे ती तशीच राहते, आखूड नळीसारखी बाहेर. हर्नियात रडताना फुगवटा येतो आणि दाबला की आत जातो. इथे नुसती कातडीच असते, आत आतडं नसतं. हर्निया समजून या मुलांची शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्‌मयात आहेत. नाणं बांधून तर दोन्हींतलं काहीच बरं होत नाही. उलट कातडी ओली राहून चिघळते.

उंची हा सगळ्यात फसवा भाग. या सिंड्रोमच्या बहुतेक मुलांची उंची ठीक असते, पण काहींच्या पियुषिका ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक कमी येतं. मूल ठेंगणं आहे की त्याची वाढ अडली आहे, हे नजरेने ठरत नाही, तक्त्यावर ठरतं. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात. पुढे १८ वर्षांपर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे. ते तयार करण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. चार वर्षांनंतर मूल वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास वाढायला हवं. दर वाढदिवसाला भिंतीवर पेन्सिलीने खूण करणारे आईवडील नकळत फार उपयोगी काम करत असतात.

याच सिंड्रोमचं एक चुलत भावंडही आहे, शॉर्ट सिंड्रोम नावाचं. त्यात बुबुळाचा असाच दोष, खोल गेलेले डोळे, उशिरा येणारे दात आणि कमी उंची असते. अंगावर चरबी फार थोडी असते. त्याचं जनुक वेगळं आहे, ते २०१३ मध्ये सापडलं. फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा, की शॉर्ट सिंड्रोममध्ये शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही आणि पुढे मधुमेह होतो. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं तिथे हा त्रास वाढवू शकतात. म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला जे औषध द्यायचं तेच दुसऱ्याला जपून द्यायचं. जनुकाची तपासणी ही निव्वळ कुतूहलाची बाब नाही, ती यासाठी.

दोष कुणाचा?

आपल्याकडे मुलात काही उणं निघालं, की सासरच्या घरात पहिला प्रश्न आईला विचारला जातो. ग्रहण पाळलं नाहीस का? गरोदरपणी काय खाल्लंस? कुठे गेली होतीस? हे स्पष्ट सांगायला हवं, की ग्रहणाने, पपईने, मोबाइलने किंवा आईच्या कोणत्याही वागण्याने हा सिंड्रोम होत नाही.

जनुकांतले दोष दोन तऱ्हांनी उतरतात. एका तऱ्हेत आई आणि वडील दोघांकडूनही दोषाची प्रत यावी लागते. याचं आपल्या शहराचं नाव मिरवणारं उदाहरण म्हणजे बाँबे रक्तगट. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तो जगापुढे आणला. तो रक्तगट व्हायला दोन्हीकडून ती प्रत मिळावी लागते. म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. अ‍ॅक्सेनफेल्ड-रीगर सिंड्रोमची तऱ्हा दुसरी. इथे दोघांपैकी एकाकडूनच आलेली एक प्रत पुरते. नात्यातल्या लग्नाशी त्याचा संबंध नाही. ज्याला हा दोष आहे, त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, जणू नाणेफेक. पहिल्याला मिळाला म्हणून दुसऱ्याला मिळणार नाही, असं नसतं. प्रत्येक वेळी नवी नाणेफेक.

काही मुलांत हा दोष नव्यानेच उद्भवतो, आईवडिलांपैकी कुणालाच नसतो. पण तसं म्हणण्याआधी आईवडिलांचे डोळे तपासले पाहिजेत. कारण एकाच घरात या दोषाची मात्रा फार वेगवेगळी असते. मुलीची बाहुली उघड सरकलेली, तर वडिलांच्या बुबुळात किरकोळ बदल, जो स्लिट लॅम्पच्या यंत्राखालीच दिसतो. वडिलांना तोवर पत्ताही नसतो, आणि त्यांचा डोळ्याचा दाब मात्र वाढलेला असू शकतो. एका लहान मुलीच्या निदानाने तिच्या वडिलांची, आत्याची, चुलत भावंडांची दृष्टी वाचू शकते. ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ म्हणून तपासणी टाळणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की हा दोष लपवल्याने घराण्याची अब्रू वाचत नाही, डोळे मात्र जातात. आणि या मुलांच्या बुद्धीवर सहसा काहीही परिणाम झालेला नसतो, हेही सांगायला हवं.

काय करता येतं?

पुष्कळ काही करता येतं. डोळ्याचा दाब वाढलेला असेल तर आधी थेंब. त्यांनी भागलं नाही तर शस्त्रक्रिया करून पाण्याला वाट करून देतात, किंवा डोळ्यात बारीक नळी बसवतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातली अरोलॅब ही संस्था अशी नळी भारतातच कमी किमतीत बनवते. मात्र दोन गोष्टी पाळायच्या. घरातल्या आजोबांचे काचबिंदूचे थेंब मुलाच्या डोळ्यात परस्पर घालायचे नाहीत. त्यांतलं ब्रिमोनिडिन हे औषध दोन वर्षांखालच्या बाळाला दिलं तर त्याला गुंगी येते, श्वास मंदावतो. टिमोलॉल दम्याच्या मुलाला त्रास देऊ शकतं. आणि डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घालायचे नाहीत. त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो.

उजेड सोसत नसेल तर रंगीत चष्मा, तिरळेपणा किंवा नंबर असेल तर त्यावर लवकर उपाय. दातांसाठी सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला की कोणते अंकुर आहेत आणि कोणते नाहीत ते कळतं. लहानपणी काढता-घालता येणारी छोटी कवळी, खुंटीसारख्या दातांना भर घालून आकार, आणि जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावर इम्प्लांट. शाळेतल्या चिडवण्याने मूल तोंडावर हात ठेवून हसायला लागतं. पुढच्या चार दातांची ती कवळी त्याचा हात खाली आणते. हा उपचार वरवरचा मानू नये.

फणसवाडीतून पाहिलं तर हे सगळं बसच्या टप्प्यात आहे. डोळ्यांसाठी भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय, दातांसाठी मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, वाढीसाठी परळचं बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय. परळचंच के. ई. एम. हे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. या धोरणात यादीतल्या आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. एखादी शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. मुंबईबाहेरच्या पालकांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी होते. त्या पथकासमोर मुलाला उभं करताना डोळ्याबद्दल, दातांबद्दल आणि बेंबीबद्दल एकदमच सांगावं.

औषधं, यंत्रं, तज्ज्ञ सगळं आहे. सगळ्यात अवघड काम आहे ते चार केसपेपर जोडण्याचं, आणि ते बहुतेक वेळा आईच करू शकते, कारण चारही खिडक्यांवर तीच उभी राहिलेली असते. त्यासाठी एक साधी फाइल करावी. तिच्यात जन्मापासूनचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावावेत, दर वर्षीची उंची लिहावी, डोळ्याचा दाब प्रत्येक तपासणीला किती आला तो आकडा विचारून लिहावा. पहिल्या पानावर घरातल्या कुणाकुणाला लहान वयात काचबिंदू झाला, कुणाचे दात आलेच नाहीत, त्यांची नाती लिहावीत. आणि डॉक्टर फक्त दात बघत असतील किंवा फक्त डोळा बघत असतील, तर ते पहिलं पान त्यांच्यासमोर ठेवून विचारावं, ‘डॉक्टर, या सगळ्याचा एकमेकांशी संबंध असेल का?’ हा प्रश्न विचारायला आपण डॉक्टर असण्याची गरज नाही.